मागच्या सीटवरची मुलं

गेल्या सप्टेंबरात माझी आई मिरजेहून आमच्याकडे आम्स्टलवेनला आली. चौथ्या दिवशी तिला आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाला मी गाडीनं वाचनालयात सोडलं. "येताना चालत या, पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे," असं सांगून मी मीटिंगसाठी घरी परतले. दीड तास झाला तरी दोघांचा पत्ता नाही. आईचा फोन घरीच चार्जिंगला. मी चपला सरकवून बाहेर पडणार एवढ्यात दोघं दारात उभे. त्यांच्यापुढे सायकल हातात धरून शेजारची मुलगी. वय वर्षं आठ. "हे दोघं पार कालव्यापलीकडे चालले होते, म्हणून घेऊन आले," तिनं मला डचमध्ये सांगितलं आणि आपल्याला उशीर होतोय म्हणून टांग मारून निघूनही गेली.

चहा घेताना आईनं विचारलं, "पाच वर्षं झाली ना गं तुम्हाला इथं येऊन? मग याला घर माहीत आहे, गाव कसं माहीत नाही?"

उत्तर मुलानं दिलं. "आजी, मला रस्ता माहीत आहे. पण तो गाडीचा आहे. चालताना तिथून जाता येत नाही."

त्या वाक्यावर आई हसली. मला हसू आलं नाही, आणि तुम्हालाही येऊ नये. कारण हा लेख तुमच्याबद्दल आहे. माझ्याबद्दल तर आहेच, पण मी एकटी गुन्हेगार नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांपैकी जी शंभरेक घरं मी आतून पाहिली आहेत, त्यातल्या बहुतेकांनी आपली मुलं गाडीच्या मागच्या सीटवर वाढवली आहेत. पुढे आपण, मागे ते, आणि काचेपलीकडून सरकत जाणारं एक शहर. त्या शहराशी त्यांचा संबंध पार्किंग मिळेपर्यंतचाच.

आमच्या घराचं वेळापत्रक सांगते, तुमचं जुळतंय का पाहा. सोमवारी गणिताचा क्लास. मंगळवारी पोहणं. बुधवारी शाळा लवकर सुटते, ती मोकळी दुपार आपल्याला बघवत नाही, म्हणून बुद्धिबळ. गुरुवारी फुटबॉलचा सराव. शुक्रवारी कोडिंग. शनिवारी सकाळी मॅच, दुपारी पुण्याच्या गुरुजींकडे ऑनलाइन हार्मोनियम. रविवारी मराठी शाळा. यातल्या प्रत्येक ठिकाणी मूल 'पोचवलं' जातं आणि तिथून 'उचललं' जातं. ही क्रियापदं आपण कुरिअरच्या डब्यासाठीही वापरतो.

फुटबॉलचं मैदान आमच्या घरापासून १.८ किलोमीटर आहे. त्या संध्याकाळी मी नकाशावर मोजलं. पूर्ण वाट लाल डांबराची, फक्त सायकलींची. तरीही पाच वर्षं मी तिथं गाडीनं जात होते.

आता कुणीतरी म्हणणार, "डच लोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रक्तातच सायकल आहे." हे मी हळदीकुंकवात ऐकलंय, गणपतीत ऐकलंय आणि स्वतः म्हटलंयसुद्धा. ते साफ खोटं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा देशही मोटारींच्या मागे तितक्याच वेडानं धावत होता. चौक मोटारतळ झाले, रस्ते रुंद झाले, सायकली कडेला गेल्या. १९७१ साली इथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात ४०० हून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहानगी मुलगी त्यातलीच एक. १९७२ मध्ये त्यानं 'डे टाइड' या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातून चळवळीला नाव मिळालं: 'मुलांचे खून थांबवा'. अपघात हा शब्द त्यांनी जाणूनबुजून नाकारला. आईबाप रस्त्यावर उतरले. आम्स्टरडॅमच्या डी पाइप भागात मुलांनीच आपली गल्ली मोटारींना बंद करण्यासाठी भांडण मांडलं. १९७३ च्या तेलटंचाईत रविवार बिनमोटारीचे झाले आणि रिकाम्या रस्त्यावर मुलं चाकांच्या बुटांवर धावली, तेव्हा लोकांना कळलं की हा रस्ता असाही असू शकतो.

म्हणजे ज्या लाल वाटेवरून मी माझ्या मुलाला जाऊ देत नव्हते, ती कुठल्या तरी बापानं मुलगी गमावल्यावर मागून घेतलेली वाट आहे. आज या देशात रस्त्यांवर वर्षाला सातशेच्या आसपास माणसं मरतात. त्यात सायकलस्वार पुष्कळ, आणि त्यातले बरेचसे साठीपुढचे. ही संख्याही कमी नाही, आणि मी ती लपवणार नाही. पण ३,३०० वरून इथवर येणं रक्तानं घडलं नाही. भांडून घडलं. आपण इथं आलो, पगार घेतला, करात सवलत घेतली, मुलांसाठी शाळा घेतली. ही एवढी वाट मात्र घ्यायची राहिली.

आणि भीती कशाची म्हणून? "गाड्या किती असतात हो शाळेपाशी!" बरोबर. सकाळी आठ वीस ते साडेआठ कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर उभे राहा. एक गाडी पदपथावर चढवलेली, दुसरी दुहेरी लावलेली, तिसरीचं दार सायकलवाल्या मुलीच्या तोंडासमोर उघडलेलं. त्या गाड्यांत कोण आहे? मी आहे. तुम्ही आहात. मुलाला गाड्यांपासून वाचवायला म्हणून आपण आणखी एक गाडी तिथं आणतो. ज्या धोक्याच्या नावानं आपण मूल घरात ठेवतो, तो धोका आपणच दररोज आठ वीसला शाळेच्या दारात नेऊन उभा करतो. या देशाच्या कायद्यानं १४ वर्षांखालच्या सायकलवाल्या मुलाला मोटारीचा धक्का लागला, तर भरपाई जवळजवळ निरपवादपणे मोटारवाल्याच्याच अंगावर येते, चूक मुलाची असली तरी. मला हा कायदा पहिल्यांदा अन्यायाचा वाटला होता, कारण मी तो स्टीअरिंगमागून वाचला होता.

फुटबॉलकडे येऊ. तिथं आपण आणखी वाईट वागतो.

लहान गटांच्या सामन्यांना इथं मोठा पंच नसतो. दहा वर्षांखालच्यांचा गुणतक्ता फुटबॉल संघटना प्रसिद्धच करत नाही. हेतू उघड आहे: पोरांना खेळू द्या. तर आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एका मराठी बाबांनी (ते माझ्याच घरात राहतात, म्हणून नाव घेत नाही) एक्सेलमध्ये स्वतःचा गुणतक्ता तयार केला. कोणी किती गोल केले, कोणाला किती मिनिटं मिळाली. शनिवारी मैदानाच्या कडेला डच आईबापही ओरडतात, ते काही संत नाहीत. पण ते ओरडून झाल्यावर कॉफी पितात, कँटीनची पाळी करतात, संघाचे टी-शर्ट धुवायला घरी नेतात. आपण कँटीनची पाळी आली की कामाचं निमित्त काढतो आणि गाडीत बसल्याबरोबर मुलाची तोंडी परीक्षा सुरू करतो. "तो पास का नाही दिलास? डाव्या पायानं का मारलास?" एका शनिवारी मुलगा म्हणाला, "आई, मी चालत येऊ का घरी? बाबा गाडीत सगळी मॅच परत खेळतो."

योहान क्रायफ या देशाचा देव. १९४७ साली आम्स्टरडॅमच्या बेटोनडॉर्प वस्तीत जन्मला. आयाक्सचं जुनं मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाप भाजीपाल्याचा दुकानदार, तो पोराच्या बाराव्या वर्षी गेला. आई पुढे आयाक्समध्येच साफसफाईचं काम करायची. त्याचं पहिलं मैदान म्हणजे घरासमोरचा रस्ता. फरसबंदीवर पडलं की लागतं, म्हणून तोल सांभाळायला तो तिथं शिकला. पदपथाच्या कडेवर चेंडू आपटून परत घ्यायला तिथंच शिकला. मोठा झाल्यावर त्याच्या संस्थेनं जगभर वस्त्यावस्त्यांतून छोटी मैदानं बांधली, कारण पोरांचा रस्ता मोटारींनी खाल्ला होता हे त्याला दिसत होतं. आपण त्याच्या नावाचा १४ नंबरचा टी-शर्ट विकत घेतो. आणि कोपऱ्यावरच्या मैदानात पोरं जमली की आपल्या मुलाला हाक मारतो, "चल, क्लासची वेळ झाली."

माझा मुलगा कधी क्रायफ होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेवढंच तुमचाही होणार नाही. म्हणूनच तर सांगते. ज्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचंच नाही, त्याच्या खेळातून उरतं काय? कुणाला संघात घ्यायचं यावरून भांडणं, भांडण मिटवणं, आपल्याला शेवटी निवडलं गेलं हे गिळणं, पाऊस आला तरी आणखी दहा मिनिटं थांबणं. हे सगळं मोठी माणसं नसतानाच होतं. आपण कडेला उभे राहिलो की ते थांबतं.

गाण्याचंही तेच. मी मिरजेची, त्यामुळे या बाबतीत जरा जास्त चिडते. माझ्या शाळेच्या वाटेवर सतारमेकरांची गल्ली लागायची. दुकानात भोपळे टांगलेले, आणि आत कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत बसलेलं. तोच सूर छेडायचा, घोडी किंचित घासायची, पुन्हा तोच सूर. आम्ही सायकल टेकवून बघायचो. फुकट करमणूक होती. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली गेले तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, आणि अजून उरुसात तिथं रात्र रात्र गाणं होतं. मी गाणं शिकले नाही. मला एकही परीक्षा देता आली नसती. पण तंबोरा लागलाय की नाही हे मला आजही कळतं, आणि ते मला क्लासनं शिकवलं नाही, वाटेनं शिकवलं.

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिच्याकडे प्रवेशिकेचं प्रमाणपत्र आहे, विशेष योग्यतेसह. आई आली तेव्हा म्हणाली, "बाळ, काहीतरी म्हणून दाखव ना." मुलीनं प्रामाणिकपणे विचारलं, "कुठल्या परीक्षेचं?"

यात मुलीची चूक नाही. गुरुजींची तर अजिबात नाही. ते तिकडे संध्याकाळी थकलेले असताना मन लावून शिकवतात. चूक आमची आहे. घरात कुणी गुणगुणत नाही. गाडीत बातम्या लागतात. आम्स्टरडॅमला गेलो तर वेस्टरकेर्कच्या मनोऱ्यातल्या घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजतात. याच घंटा ॲन फ्रँक लपून बसलेल्या घरातून ऐकत होती. त्यांच्याखालून आम्ही तिघांनी हेडफोन लावून जायचं, आणि शनिवारी दोन वाजता कॅमेरा सुरू करून 'संगीत' करायचं. बासरीचे पं. हरिप्रसाद चौरसिया रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात भारतीय संगीत विभागाचे प्रमुख होते, तिथं गोरी पोरं आपले राग शिकतात. हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. इथून तासाभराच्या अंतरावर आहे ते. मुलांना घेऊन एकदाही मैफलीला गेलो नाही. वेळ नव्हता, क्लास होता.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण माझेच आहेत.

पहिला: "अभ्यासाचं काय?" नेदरलँड्समधल्या वाचकांना कळेल मी कशाबद्दल बोलते आहे. आठव्या गटात शाळेचा सल्ला आणि ती परीक्षा, आणि त्यावरून पोर विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाखेत जाणार की नाही हे बाराव्या वर्षी बऱ्याच अंशी ठरणार. मराठी घरांतल्या झोपा उडतात त्या यावर. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बाहेरून आलेल्यांच्या मुलांचा अंदाज शाळा कधी कधी कमी बांधते अशी तक्रार इथं जुनी आहे. पण एक गोष्ट विसरू नका. त्याच बाराव्या वर्षी, कुठल्याही शाखेत गेलं तरी, मूल माध्यमिक शाळेत स्वतः सायकलनं जाणार आहे. पाच किलोमीटर, आठ किलोमीटर, अंधारात, वाऱ्यात, मित्रांच्या घोळक्यात. गणितात पुढे असलेलं आपलं मूल तिथं पहिल्या दिवशी एकटं पडेल, कारण घोळक्यात सायकल चालवता येणं हीच त्या शाळेची खरी प्रवेश परीक्षा आहे.

दुसरा: "आपण इथले नाही. आपल्या मुलाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात." बघतात, काही वेळा. माझ्या मुलालाही एकदा कुणीतरी काहीतरी बोललं. पण ज्याला गल्ल्या माहीत आहेत, कोपऱ्यावरचा बेकरीवाला नावानं ओळखतो, ज्याचे चार मित्र त्या रस्त्यावर राहतात, त्याला परकं ठरवणं अवघड असतं. मागच्या सीटवरचं मूल मात्र कायमच पाहुणं. आपण त्याला परकेपणापासून वाचवत नाही, तो परकेपणा त्याच्यासाठी सांभाळून ठेवतो.

तिसरा आक्षेप दूरचा आहे, पण सर्वांत रास्त. "तुम्ही नेदरलँड्समध्ये आहात, तुम्हाला बोलायला काय जातं! आम्ही डॅलसला राहतो, इथं पदपथच नाही." किंवा, "आम्ही दुबईत, जुलैत दुपारी बाहेर पडून दाखवा." मान्य. सहा पदरी रस्त्यावर मुलाला एकटं सोडा असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेतही आईबापांनीच मागितलं म्हणून युटा राज्यानं २०१८ मध्ये आणि टेक्सासनं २०२१ मध्ये कायदा केला, की मुलाला एकट्यानं चालत शाळेत जाऊ देणं किंवा बागेत खेळू देणं म्हणजे हेळसांड नव्हे. लंडनमध्ये शाळा भरताना-सुटताना शाळेपुढचा रस्ता मोटारींना बंद ठेवतात, आणि तेही बऱ्याच ठिकाणी पालकांनी नगरपालिकेचा पिच्छा पुरवल्यामुळे. त्या सभांना आपण किती जण जातो? गणपतीच्या बैठकीला दोनशे माणसं जमतात, मखराच्या रंगावर तीन तास वाद होतो. रस्त्याच्या बैठकीला आपल्यातलं कोणी नसतं. आणि दुबईतही नोव्हेंबर ते मार्च हवा सुरेख असते. इमारतीखाली संध्याकाळी केरळचा, पाकिस्तानचा, फिलिपिन्सचा पोरगा चेंडू घेऊन उतरतोच. आपला वर असतो, ऑनलाइन.

आता एक कबुली देते आणि थांबते.

नोव्हेंबरात शाळेचं पत्र आलं. सातव्या गटाच्या मुलांची वसंतात वाहतूक परीक्षा. आधी लेखी, मग प्रत्यक्ष: पाठीवर क्रमांकाचा जाकीट, गावातला ठरलेला मार्ग एकट्यानं सायकलनं पुरा करायचा, चौकाचौकांत स्वयंसेवक टिपणं घेत उभे. पत्र वाचून मी पहिली गोष्ट काय केली असेल? बाईंना ईमेल लिहायला घेतला, की मुलाला यातून सूट मिळेल का. पत्र अर्धं लिहून झालं होतं. आई तोवर परत मिरजेला गेली होती, पण तिचं वाक्य नव्हतं गेलं. मी ईमेल पुसला.

त्या दिवसापासून बुधवारचं बुद्धिबळ बंद. मी आणि तो, दोन सायकली. पहिल्या आठवड्यात तो दोनदा पडला आणि मी एकदा. आपल्याकडे टोक केलेले पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले की आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं, त्यांना इथं शार्कचे दात म्हणतात, हे त्यानं मला शिकवलं. वळताना हात न दाखवल्याबद्दल मी त्याची बोलणी खाल्ली. जानेवारीत तो पुढे आणि मी शंभर मीटर मागे. फेब्रुवारीत त्यानं मला घरी थांबायला सांगितलं. पहिल्या एकट्या फेरीला तो अर्ध्या तासात यायचा, तो सव्वा तासानं आला. ते पंचेचाळीस मिनिटं माझं काय झालं हे मी इथं लिहीत नाही. तुम्ही आईबाप आहात. तो चिंब भिजलेला, एक पँट चेनमध्ये अडकून फाटलेली. चुकला होता का? नाही. आम्स्टरडॅमसे बोसमध्ये, म्हणजे १९३० च्या दशकात बेकारांच्या हातून लावून घेतलेल्या आमच्या शेजारच्या त्या प्रचंड जंगलात, मित्रांबरोबर बदकं बघत बसला होता. "सांगून जायचं ना," मी ओरडले. "मला वाटेत सुचलं," तो म्हणाला.

गेल्या पाच वर्षांत त्याला वाटेत काही सुचल्याचं मला आठवत नाही.

परीक्षेत तो पास झाला, पण एका चौकात उजवीकडच्याला जाऊ द्यायला विसरला, त्याचे गुण गेले. गणितात तो आता वर्गात दुसरा नाही, पाचवा आहे. हेही सांगते, कारण याची किंमत नाही असा माझा दावा नाही. किंमत आहे. आम्ही ती मोजली.

तर तुमच्याकडे एकच मागणं. या आठवड्यातला एक क्लास बुडवा. कुठला ते मुलाला ठरवू दे. गाडीची किल्ली खुंटीला राहू दे. घरापासून सर्वांत जवळची एक जागा निवडा: दुकान, वाचनालय, मैदान, मित्राचं घर. पहिल्यांदा मुलाबरोबर चालत जा, दुसऱ्यांदा शंभर मीटर मागे राहा, तिसऱ्यांदा घरी बसा आणि नखं खा. परत आल्यावर "काय शिकलास?" असं विचारू नका. भूक लागली का, एवढंच विचारा.